उन्हाळ्यात दोन पौंड कमी

होळी झाली की बाबांची दोन कामं ठरलेली असायची. एक कूलर माळ्यावरून उतरवून त्याच्या ताट्या बदलणं, आणि दुसरं म्हणजे गाडी पंक्चरच्या दुकानात नेऊन चारही चाकांतली हवा दोन पौंड कमी करून आणणं. हवेला ते अजूनही पौंडच म्हणतात, पीएसआय वगैरे म्हणत नाहीत. अकोल्यातला उन्हाळा ज्यांनी बघितलाय त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, डांबर चपलेला चिकटतं, दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, अशा गावात गरम हवा फुगते आणि टायर फोडते हे कुणी वेगळं शिकवायला लागत नाही. मीही लहानपणापासून तेच ऐकत आले, पुण्यात येऊन स्वतःची गाडी घेतली तरी बरीच वर्षं तेच करत राहिले, आणि माझ्या मते अर्ध्या महाराष्ट्राला आजही हेच बरोबर वाटतं. म्हणूनच हे लिहितेय, कारण या एका समजुतीमुळे मी माझ्या आईवडिलांना आणि मुलाला घेऊन भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहिले होते आणि तो दिवस अजून मनातून जात नाही.

बाबांची ही समजूत कुठून आली असेल याचा मी नंतर खूप विचार केला. आमचं मूळ गाव बाळापूरकडचं, मन नदीच्या काठचं. बाबांच्या लहानपणी घरी बैलगाडी होती, आणि चाकाची काळजी ऋतूप्रमाणे घ्यायची असते हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवायची ती गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवून, कारण तापली की ती पसरते, मग चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची आणि वरून भराभर पाणी ओतायचं की ती आकसून आरे, तुंबा, सगळं आवळून धरते. बाबा हे सांगताना अजूनही हातांनी दाखवतात, पाणी ओतल्यावर कशी वाफ यायची ते. आणि उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसलं की धाव ढिली पडायची, वाजायला लागायची, मग चाकं काढून नदीच्या डोहात भिजत टाकायची, लाकूड पाणी प्यायलं की परत घट्ट. म्हणजे उष्णतेनं काय पसरतं, काय आकसतं आणि त्यावर काय करायचं हे त्यांनी पुस्तकात नाही, डोळ्यांनी बघितलेलं. तोच हिशोब त्यांनी रबरी टायरला लावला. हवा तापते, पसरते, मग आधीच थोडी कमी ठेवा. विचार म्हणून किती सरळ आहे! फक्त टायर हे लाकूड नाही आणि लोखंडही नाही, तिथे हिशोब उलटा पडतो.

मे २०२३ ची गोष्ट. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेला, त्यामुळे अकोल्याहून पुण्याला जाताना पातूरचा घाट ओलांडून मेहकरजवळ समृद्धीवर चढायचं आणि संभाजीनगरपर्यंत सरळ जायचं असं आम्ही ठरवलं होतं. आई, बाबा, मी, नवरा, मुलगा, मागे बॅगा, दोन पेट्या आंबे, तिखटाचे आणि पापडांचे डबे, म्हणजे गाडी चांगलीच दबलेली. आदल्या दिवशी दुपारी आम्ही एका लग्नाहून चाळीसेक किलोमीटर चालवून आलो आणि त्याच तापलेल्या गाडीसकट बाबांनी पंक्चरच्या दुकानात हवा बघितली. काटा ३८ वर. बाबा म्हणाले, बघ, म्हणत होतो ना, आणि पाच पौंड काढून ३३ केली. मला तेव्हा त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही, गाडीच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर आहे त्यावर ३३ च तर लिहिलंय.

आता तो आकडा डोळ्यांसमोर आला की पोटात गोळा येतो. स्टिकरवरचे ३३ हे थंड टायरचे असतात. थंड म्हणजे गाडी किमान तीनेक तास उभी आहे, उन्हात नाही, सावलीत, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललीय. आम्ही गरम टायरमधून ३३ केली, म्हणजे रात्री टायर निवल्यावर आत उरली साधारण २८. मोजलीच नाही कुणी. कागदावर हिशोब मी नंतर मांडला आणि तो शाळेतल्या विज्ञानाचाच आहे, बंद भांड्यातल्या वायूचा दाब त्याच्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो, फक्त तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं आणि दाबात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवायचे. सकाळी ३० डिग्रीला ३३ असलेला टायर चालून चालून आतली हवा ६५ डिग्रीला गेली की ३८ दाखवतो. ते ३८ म्हणजे बिघाड नव्हताच. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ आधीच धरलेली असते, आणि टायरच्या कडेवर जास्तीत जास्त दाबाचा जो आकडा छापलेला असतो तोही थंड टायरचाच, कितीतरी कारच्या टायरवर तो ४४ किंवा ५१ असतो. (तो आकडा भरायचा नसतो हेही सांगायला हवं, कारण ते वाचून तेवढी भरणारी माणसंही मी बघितलीत. भरायचा तो स्टिकरवरचा.)

तर २८ वर, पूर्ण भरलेली गाडी, बाहेर ४३ का ४४ डिग्री, खाली सिमेंटचा रस्ता, आणि शंभरच्या आसपास वेग. त्यात मागच्या डाव्या चाकात कधीतरी खिळा घुसलेला. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा तसाच रुतून बसतो आणि हवा इतकी हळू जाते की कळतच नाही, त्यामुळे २८ चे २४ कधी झाले, आणखी खाली कधी गेले, देव जाणे. जालन्याच्या अलीकडे मागून आधी थडथड असा आवाज आला, मला वाटलं रस्त्याचे जोड असतील, मग एकदम धप्प आणि गाडीचा मागचा भाग डावीकडे ओढला गेला. नवरा चालवत होता. त्याने ब्रेक मारला नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून फक्त पाय उचलला, गाडी आपोआप हळू होऊ दिली आणि कडेला घेतली. हे त्याला कुठून सुचलं माहीत नाही, पण टायर गेल्यावर जोरात ब्रेक मारणं हीच सगळ्यात मोठी चूक असते, आणि त्यानं ती केली नाही म्हणून आज मी हे लिहितेय. आई हात जोडून बसली होती. मुलगा विचारत होता काय झालं, काय झालं, आणि बाबा एकच वाक्य म्हणत होते, "तरी हवा कमी केली होती."

स्टेपनी लावून पुढच्या गावात पंक्चरच्या दुकानापर्यंत आलो. टायर पुरा गेलेला होता, कडेची भिंत गोल फाटलेली. दुकानातला माणूस पन्नाशीचा असेल, त्याने टायर रिमवरून उतरवला, आत हात घातला आणि मूठभर काळा भुगा काढून बाबांच्या हातावर ठेवला. रबराचा भुगा, तव्यावर जळलेल्या पिठासारखा. मग आतल्या बाजूने बोट फिरवून दाखवलं, कडेच्या भिंतीवर सगळीकडे गोल पट्टा उमटला होता, रबर तिथे घासून घासून सुटलं होतं. तो म्हणाला, "काका, हे हवा जास्त होऊन फुटलं नाही. हवा कमी होती. हवा कमी असली की टायर पोटावर चालतो."

पोटावर चालतो. ते वाक्य मी विसरू शकत नाही, कारण सगळं त्यात आहे. गाडीचं ओझं टायरचं रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा कमी झाली की प्रत्येक फेरीला कडेची भिंत चेपते आणि सरळ होते, चेपते आणि सरळ होते. शंभरच्या वेगाला साध्या कारचं चाक सेकंदाला पंधराएक वेळा फिरतं, म्हणजे मिनिटाला नऊशेच्या आसपास चेपण्या. तार मोडायची असली की आपण ती इकडून तिकडे वाकवतो आणि ती बोटाला चटका बसेल इतकी गरम होते ना, तसंच. टायरला मारणारी उष्णता उन्हातून जेवढी येते त्यापेक्षा जास्त या चेपण्यातून तयार होते, बाहेरचं ऊन फक्त ती बाहेर पडू देत नाही. म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी करणं म्हणजे ज्या आजाराला घाबरतो तोच आजार घरी बोलावणं. बाबांनी भुगा कितीतरी वेळ हातात धरून ठेवला होता, मग रुमालात बांधून खिशात टाकला. का ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर मी एक शंभर पानी वही केली आणि साधा डिजिटल मीटर आणला, फार महाग मिळत नाही. ठरवलं की वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, पार्किंगमध्ये जाऊन पाचही टायर मोजायचे. पाच लिहिलंय खरं, पण पहिले कित्येक महिने मी चारच मोजले, ते पुढे येईलच. त्या वहीने मला जे शिकवलं ते कुठल्याही माहितीपत्रकानं शिकवलं नसतं.

पहिलं म्हणजे, आपल्याला उन्हाळ्याची भीती असते पण हवा चोरून नेते ती थंडी. तापमान दहा डिग्रीने उतरलं की साधारण दीड पीएसआय जातात. पुण्यात मे मधली सकाळ २४-२५ डिग्रीची आणि डिसेंबरमधली दहा-बाराची, म्हणजे काहीही गळती नसताना दोन पीएसआय नुसत्या ऋतूने गेले. अकोल्यात मे मधली पहाटच ३० ची असते, तिथे हाच फरक तीनचा होतो. वर रबरातून हवा तशीही झिरपत असतेच, चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक. म्हणजे ज्याने मे मध्ये ३३ भरली आणि मग विसरला तो संक्रांतीला बावीस-तेवीसच्या आसपास असतो, आणि गाडी बाहेरून अगदी ठीक दिसते! हल्लीच्या टायरची भिंत इतकी कडक असते की बरीच हवा गेली तरी डोळ्याला बसलेला वाटत नाही. बुटाने ठोकर मारून बघणं तर सोडाच.

दुसरं, बाबांच्या नियमात थोडं खरंही होतं आणि ते मी त्यांना मुद्दाम सांगितलं. समजा जानेवारीच्या पहाटे १२ डिग्रीला बरोबर ३३ भरली आणि टायर अजिबात झिरपत नाही. मे मध्ये अकोल्याच्या ३० च्या पहाटे तीच हवा ३६ दाखवेल, तेही थंड टायरमध्ये. तेव्हा तीन काढून ३३ केली तर ते बरोबरच आहे. कारण जास्त हवेलाही किंमत आहे, टायर मधल्या पट्ट्यावर चालतो, मधूनच झिजतो, पकड कमी होते, खड्ड्यात आपटला की दणका जास्त. म्हणजे हवा काढायला हरकत नाही, फक्त पहाटे काढायची, मीटर लावून काढायची आणि स्टिकरपर्यंतच काढायची. दुपारी तापलेल्या टायरमधून कधीही नाही. बाबांचं मोजायला जायचं बरोबर होतं, वेळ चुकत होती.

आणि वेळेचं हे पेट्रोल पंपावर फारच जाणवतं. तिथे हवा फुकट असते ही किती चांगली सोय आहे, पण आपण तिथे पोचतो ऑफिस सुटल्यावर, पंधरा किलोमीटर ट्रॅफिकमधून घासत. पंपावरचा मुलगा विचारतो, किती? आणि दहातले आठ जण स्टिकर न बघता म्हणतात ३५ कर, किंवा जेवढी आहे तेवढी. मशीनवर आकडा लावला, पीं पीं वाजलं, झालं. मी आता काय करते, घराजवळच्या पंपावर सकाळी पहिलं काम म्हणून जाते, दीड किलोमीटर आहे, टायर थंडच असतात. लांबच्या पंपावर जावंच लागलं तर निघण्याआधी घरी मोजते, जेवढी कमी आहे तेवढी लक्षात ठेवते आणि पंपावर जे दिसेल त्यात तेवढीच वाढवायला सांगते. म्हणजे घरी २९ होती, चार कमी, पंपावर गरम टायरमध्ये ३२ दाखवतंय तर ३६ करायची. पंपावरच्या मुलांना आधी हे विचित्र वाटायचं, आता एकजण मी दिसले की स्वतःच विचारतो, ताई, आज किती कमी?

स्टिकरबद्दल अजून एक, त्यावर बहुतेक वेळा दोन रकाने असतात, एक दोघा-तिघांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी, आणि दुसऱ्यात मागच्या चाकांची हवा जास्त असते. आंबे, पापड आणि पाच माणसं घेऊन आम्ही निघालो तेव्हा आम्हाला तो दुसरा रकाना लागू होता. आम्ही तर पहिल्याच्याही खाली होतो.

पावसाळ्याचं लोक जवळजवळ बोलतच नाहीत, आणि मला वाटतं कोकणात, घाटात, एक्स्प्रेसवेवर गाडी चालवणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं. साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना एका क्षणी टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते, स्टिअरिंग हलकं होतं, ब्रेक लागतच नाही. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानाच्या टायरवर प्रयोग करून दाखवलं की हा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्यांच्या सूत्राने ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २५ ला ८३ च्या. कारला ते सूत्र तंतोतंत बसत नाही, टायरच्या खाचा किती शिल्लक आहेत यावर फार अवलंबून आहे (कायद्याने १.६ मिलीमीटर खोली लागतेच, पण पावसाळ्यात मी तेवढ्यावर जाणार नाही), तरी दिशा तीच. हवा कमी तर गाडी लवकर तरंगणार. काही लोक उलट सांगतात, पावसात हवा कमी ठेवा, पकड वाढते. चिखलात, वाळूत ते खरं आहे, डांबरी रस्त्यावरच्या पाण्यात नाही.

नायट्रोजनचंही सगळे विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि गरम-थंड झाल्यावर दोन्हींचा दाब सारखाच वर-खाली होतो. नायट्रोजन थोडा हळू झिरपतो आणि त्यात ओल नसते, एवढाच फायदा. मी भरत नाही, पण भरणाऱ्याला अडवतही नाही, फक्त नायट्रोजन आहे म्हणून बघायची गरज नाही असं कुणी म्हटलं की मात्र मी वाद घालते.

दर महिन्याला जमत नाही म्हणणाऱ्यांना मी चार दिवस सांगते, पाडवा, मृग, दसरा, संक्रांत. ऋतू आपल्याकडे याच दिवसांना वळतात, लक्षात ठेवायला कॅलेंडरसुद्धा लागत नाही. आणि दसऱ्याला तर आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. मला ही पूजा मनापासून आवडते, अवजाराला नमस्कार करणारी आपली माणसं आहेत. मी आता हार घालायच्या आधी, पहाटेच, मीटर लावते, व्हॉल्वची टोपणं काढून पुसून परत बसवते, मुलगा आकडे वहीत लिहितो, मग पूजा. त्याला वाटतं हा पूजेचाच भाग आहे आणि मी त्याला तसं वाटू देते.

बाबा आता ७४ चे आहेत, लांबची गाडी चालवत नाहीत. पण दर प्रवासाच्या आदल्या रात्री त्यांचा फोन येतोच. पूर्वी विचारायचे, "हवा पाह्यली का?" आणि मी हो म्हटलं की संपलं. गेल्या डिसेंबरात आम्ही अकोल्याला निघायचो होतो, सामान डिकीत भरून झालं होतं, तेव्हा आला.

"हवा पाह्यली का?"

"हो बाबा. ३३ केली पुढे, मागे ३६, सामान आहे म्हणून."

"कधी पाह्यली?"

"सकाळी सहाला."

"थंडी होती?"

"बारा डिग्री."

"मंग बरोबर आहे." थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "अन् स्टेपनीत?"

मी गप्प. दीड वर्ष वही लिहीत होते, पाचवा रकाना मी सुरुवातीलाच आखला होता आणि महिन्यामागून महिना तो कोराच राहिला होता, दरवेळी वाटायचं डिकी कोण उपसणार. त्या दिवशी समृद्धीच्या कडेला आम्हाला पुढच्या गावापर्यंत कुणी नेलं असेल तर स्टेपनीने. मी चप्पल घातली, टॉर्च घेऊन खाली गेले, बॅगा एकेक करून बाहेर काढल्या, तिळगुळाचा डबा टपावर ठेवला, खालचा पत्रा उचलला आणि मीटर लावला.

एकोणीस.

बाबा अजून फोनवर होते.